फाटकाबाहेरच्या वस्तीचे काय?

कर्जत तालुक्यातल्या माणसाला समुद्राची भीती सांगायला गेले तर तो हसेल. आपले संकट पाण्याचेच, पण पाणी नसण्याचे. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले त्यांना सुनामी ही टीव्हीवरची गोष्ट वाटते. शिवाय आपले कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, रायगडातले नव्हे. तारापूरचे अणुवीज केंद्र इथून तीन-साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला, कारण दुष्काळाने तालुका सोडणारा माणूस फक्त ऊसतोडीलाच जातो असे नाही. चाकण, रांजणगाव, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, मुंबईकडची बांधकामे, जिथे ठेकेदार नेईल तिथे तो जातो. आणि राहतो कुठे? बहुतेक वेळा कारखान्याच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या खोलीत. कर्जतला समुद्र नसला तरी कर्जतची माणसे समुद्रापाशी गेलेली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वीजच नको अशी भूमिका आंबेडकरी माणसाची असू शकत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा पाणी आणि वीज ही दोन्ही खाती त्यांनी देशाच्या नियोजनाच्या मध्यभागी आणली. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांचा हात होता. वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय कारखाने उभे राहणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, असे त्यांचे मत होते. पण तेच मजूरमंत्री १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. उत्पादनाचे आकडे त्यांना कार्यालयात बसूनही मिळाले असते. मजूर कोणत्या हवेत काम करतो आणि कसल्या खोलीत राहतो, हे त्यांना पाहायचे होते. अणुवीज केंद्राकडे आपणही त्याच नजरेने पाहिले पाहिजे. सरकार म्हणते शंभर टक्के सुरक्षित, मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणतो उद्या सगळे मरणार. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले, ते या दोघांनाही लागू आहे.

आता मुळात धोका कसला, ते पाहू. पुष्कळांना वाटते की भूकंप झाला की अणुभट्टी बॉम्बसारखी फुटते. तसे होत नाही. भूकंपाचा धक्का लागताच भट्टी आपोआप बंद पडते. अडचण पुढे सुरू होते. चुलीतली लाकडे बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात, तसे अणुभट्टीतले इंधन बंद केल्यावरही तापत राहते. बंद केल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता शिल्लक असते आणि ती हळूहळू, दिवसांनी, महिन्यांनी कमी होते. तोवर त्यावर पाणी फिरवत राहावे लागते. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज, आणि बाहेरची वीज गेली तर डिझेलवरचे जनरेटर. हा सगळा पसारा समुद्रकाठी का, तर थंड करायला अमाप पाणी लागते म्हणून. ज्या पाण्यासाठी केंद्र किनाऱ्यावर आणले, तेच पाणी जनरेटरच्या खोलीत शिरले की घात होतो.

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला हेच झाले. दुपारी पावणेतीनला ९ रिश्टरचा भूकंप झाला, फुकुशिमा दाइची केंद्रातल्या चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. सुमारे पन्नास मिनिटांनी चौदा-पंधरा मीटर उंचीची लाट आली. केंद्राचा आराखडा ५.७ मीटरच्या लाटेचा होता. जनरेटर बहुतेक तळघरात होते. ते बुडाले, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. मुळात तिथला समुद्राकडचा कडा तीस-पस्तीस मीटर उंच होता. तो तासून जागा दहा मीटरवर आणली होती, म्हणजे पाणी चढवण्याचा खर्च वाचतो. पंधरा मीटरहून उंच लाट येऊ शकते असा हिशेब कंपनीच्या स्वतःच्याच लोकांनी २००८ मध्ये मांडला होता. तो कागद फायलीत राहिला. म्हणूनच जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये या घटनेला माणसाने घडवलेले संकट म्हटले.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचे दुसरे केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्राला ते फुकुशिमापेक्षाही जवळ. तिथे तेरा मीटरच्या आसपास लाट आली आणि केंद्र वाचले, कारण यानोसुके हिराई नावाच्या अभियंत्याने बांधतानाच जागा पंधरा मीटरच्या जवळपास उंच ठेवण्याचा हट्ट धरला होता. हजार वर्षांपूर्वीच्या लाटेची आठवण त्या भागात होती आणि ती त्याने मनावर घेतली. आजूबाजूच्या गावांतली घरे वाहून गेली तेव्हा तीनशेहून अधिक गावकरी त्या केंद्राच्याच व्यायामशाळेत आश्रयाला राहिले. फाटक उघडले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे काय? तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, अमेरिकन बनावटीच्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्याच घराण्यातल्या आणि तिच्याहून दोन वर्षांनी जुन्या. २०२० मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केल्या गेल्या. त्यांच्या शेजारच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्या भारतीय बनावटीच्या, २००५-०६ मधल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला सहा भट्ट्यांचा, ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. तिथली माडबनची जागा समुद्रापासून पंचवीसेक मीटर उंच सड्यावर आहे, आणि लाटेपुरते बोलायचे तर ही चांगली गोष्ट आहे.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला जपानसारखा धोका नाही, हेही खरे. मोठी सुनामी उठवणारी भेग आपल्याला जवळची म्हणजे पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळची. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे भूकंप झाला तेव्हा लाटा मुंबईपर्यंत आल्या, पण थकून आल्या. वादळे मात्र आता अधिक ओळखीची झाली आहेत. जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ ला तौक्ते. फुकुशिमानंतर आपल्या सर्व केंद्रांची फेरतपासणी झाली, बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या बसवल्या गेल्या, हलवता येणारे पंप ठेवले गेले. पाणी शिरू शकते याचा अनुभव आपल्याकडेही होता. जून १९९४ मध्ये गुजरातच्या काकरापारला, समुद्रापासून आत असलेल्या केंद्रात, नुसत्या मुसळधार पावसाने टर्बाइनच्या इमारतीत पाणी भरले होते.

म्हणजे भिंत, उंची, पंप यांची चर्चा निदान होते तरी. तज्ज्ञ समित्या बसतात, अहवाल निघतात. माझा आक्षेप पुढचा आहे. ही सगळी चर्चा फाटकाच्या आतली आहे. २६ डिसेंबर २००४ ला तामिळनाडूत कल्पाक्कमच्या केंद्रावर सुनामी आली. पंपघरात पाणी शिरले, चालू भट्टी नीट बंद केली गेली, किरणोत्सर्ग झाला नाही. काही दिवसांत केंद्र पुन्हा सुरूही झाले. सरकारी अहवालात ही यशाची गोष्ट आहे, आणि आहेच. पण त्याच लाटेत किनाऱ्यालगतच्या कर्मचारी वसाहतीत आणि आसपासच्या मच्छीमार वस्त्यांत माणसे वाहून गेली.

फुकुशिमात तर याहून मोठा धडा आहे, आणि तो आरोग्याचा आहे. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळे झालेला आजार नोंदलेला नाही. जपान सरकारने एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेला मृत्यू २०१८ मध्ये त्याच्याशी जोडला. मग माणसे मेली कशाने? दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्या हालचालीत, थंडीत, औषधे चुकल्याने, निवाऱ्यातल्या खचण्याने फुकुशिमा प्रांतात २,३०० हून अधिक मृत्यू झाले. भूकंप आणि लाटेने त्या प्रांतात जितके लोक गेले त्याहून हे अधिक. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत फुताबा नावाचे रुग्णालय होते. तिथले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये बसवून तासन् तास फिरवले गेले. सलाइन सुटलेले, सोबत डॉक्टर नाही, कुठे उतरवायचे ते ठरलेले नाही. चाळीसच्या आसपास रुग्ण त्या प्रवासात आणि नंतरच्या दिवसांत दगावले.

त्या भागातल्या वृद्धाश्रमांचा अभ्यास झाला. हलवल्यानंतर वृद्धांच्या मृत्यूचे प्रमाण आधीपेक्षा सुमारे २.७ पट झाले होते. पण सगळ्या आश्रमांत सारखे नाही. जिथे पुढच्या मुक्कामाची तयारी करून, ओळखीच्या सेविकांना सोबत ठेवून म्हाताऱ्यांना हलवले तिथे मृत्यू तसे वाढले नाहीत. किती दूर नेले यापेक्षा कसे नेले याला महत्त्व होते. हे शास्त्रज्ञांनी आकड्यांत सांगितले, पण ज्या घरात लकवा झालेली आजी आहे त्या घराला ते न सांगताही कळेल.

हे सगळे जपानमध्ये, जिथे प्रत्येक घराचा पत्ता आणि प्रत्येक रुग्णाची फाइल असते. आता आपल्या वस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. अणुवीज केंद्राभोवती सोळा किलोमीटरचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र धरतात. अपघात झाला तर फाटकाबाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. त्यांची पहिली सूचना बहुधा अशी असेल की घरातच थांबा, दारे-खिडक्या लावून घ्या. स्लॅबच्या घराला ही सूचना योग्य आहे. जाड भिंती किरणोत्सर्ग बराच अडवतात आणि धूळही आत येऊ देत नाहीत. पण पत्र्याची खोली काय अडवणार? पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. नळ गल्लीत, संडास सार्वजनिक. दोन दिवस दार लावून बसायचे तर पाणी कुठून आणायचे आणि बाईमाणसाने जायचे कुठे? एकच सूचना दोन घरांसाठी दोन वेगळ्या गोष्टी ठरते. वस्तीसाठी सूचनाच वेगळी हवी. जवळची पक्की शाळा, समाजमंदिर किंवा विहार कोणता, तिथे पिण्याचे पाणी आणि संडास किती, किती माणसे मावतील, हे आधी ठरलेले पाहिजे.

भाडेकरू मजुराचे आणखी एक आहे. तो कुठल्याच यादीत नसतो. शिधापत्रिका गावी, मतदान गावी, आधारवर पत्ता गावचा. तारापूरच्या परिसरात किती बस लागतील याचा हिशेब मतदारयादीवरून किंवा जनगणनेवरून केला तर कर्जतहून गेलेला माणूस त्यात मोजलाच जाणार नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. मोठ्यातला मोठा धक्काही चार रिश्टरच्या थोडा वर. अणुवीज केंद्राला त्याने काही होत नाही. पण कच्च्या घरांतल्या आदिवासी कुटुंबांनी थंडीत लेकरे घेऊन उघड्यावर रात्री काढल्या, आणि घराबाहेर पळताना एका चिमुरडीचा जीव गेला.

इशारा मिळणे आणि इशारा पोचणे यातही अंतर असते. तौक्ते वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिला होता. तरी १७ मे २०२१ ला मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यासह एका टग बोटीवरचे मिळून सत्तरहून अधिक लोक गेले. त्यात ठेकेदारांकडचे वेल्डर, फिटर, रंगारी, हेल्पर होते. काम सोडून किनाऱ्यावर परतायचे की नाही हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरातल्या झोपड्या सर्वांत आधी सापडल्या. ओले फडके तोंडावर धरा, एवढे जरी कोणी वेळेवर सांगितले असते तरी कितीतरी जीव वाचले असते. ते एक वाक्य सांगायला पैसा लागत नव्हता.

आता दोन गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. पहिली आयोडीनच्या गोळीची. अणुभट्टीतून निसटणाऱ्या द्रव्यांत किरणोत्सर्गी आयोडीन असते आणि ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसते. चेर्नोबिलला १९८६ मध्ये ते गवतावर पडले, गाईंनी खाल्ले, दूध लेकरांनी प्यायले आणि पुढे हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला. पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेळेवर घेतली तर ग्रंथी आधीच भरलेली राहते आणि विषारी आयोडीनला जागा मिळत नाही. मोठ्यांना आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना १३० मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना ६५, महिनाभराच्या बाळापासून तीन वर्षांपर्यंत ३२, नवजात बाळाला १६. ती प्रशासनाने सांगितल्यावरच घ्यायची. संपर्काच्या थोडी आधी किंवा पहिल्या काही तासांत तिचा उपयोग, दुसऱ्या दिवशी फारसा नाही. लहान मुले आणि गरोदर बायांना आधी, चाळिशीपुढच्यांना तिचा फायदा कमी. ही गोळी सगळ्या किरणोत्सर्गावरचा उतारा नव्हे, फक्त थायरॉइडचे रक्षण करते. मिठातले आयोडीन यासाठी पुरत नाही. आणि जखमेला लावायचे टिंक्चर आयोडीन कुणी पिऊ नये, ते विष आहे. कर्जतमध्ये बसलेल्या माणसाने या गोळ्या आणून ठेवण्याची गरज नाही. तारापूरच्या सोळा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने मात्र त्या कुठे ठेवल्या आहेत आणि रात्री दोन वाजता वस्तीत कोण आणून देणार, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची. अणुवीज केंद्रात दुरुस्तीच्या काळात ठेक्यावर माणसे घेतात. किरणोत्सर्गी भागात जाणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. आपल्याकडे कामगारासाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही कमाल मर्यादा आहे. मर्यादा भरली की आतले काम बंद. इथेच गरिबाचा घात होतो, कारण काम बंद म्हणजे रोजी बंद. फुकुशिमाच्या सफाईत एका उपठेकेदाराने कामगारांना बिल्ल्यावर शिशाची पट्टी लावायला सांगितल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. आकडा कमी दिसावा म्हणून. शिशाने बिल्ला वाचतो, माणूस वाचत नाही. बिल्ला काढून ठेवणे, दुसऱ्याला देणे, झाकणे हे कुणीही सांगितले तरी करायचे नाही. आपल्या मात्रेची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या देशभरच्या नोंदवहीत जाते आणि ती मागण्याचा कामगाराला हक्क आहे. ठेका संपला तरी पुढे वीस वर्षांनी आजार निघाला तर तोच कागद लागेल. ज्या घरचा मुलगा अशा कामाला गेला आहे त्या घराने पहिल्याच आठवड्यात फोनवर बिल्ल्याचा क्रमांक, ठेकेदाराचे नाव आणि कामाच्या तारखा विचारून वहीत लिहून ठेवाव्यात.

सरकारकडे मागायचे काय, तेही उघड आहे. सराव दोन वर्षांनी एकदा होतो असे सांगतात, तो फाटकाबाहेरच्या वस्तीत झाला का? बसच्या हिशेबात भाडेकरू मजूर धरले का? सूचना मराठीत, हिंदीत, आदिवासी बोलीत भोंग्यावरून दिली जाणार का? ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. बोईसर-पालघरकडे आपल्या समाजाची विहारे आहेत. तिथल्या मंडळांनी असा एक अर्ज टाकला तर जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका डीजेच्या खर्चापुढे तो काहीच नाही, हे जाता जाता म्हणतो.

आणि कर्जतने काय करायचे? भीमेला वरच्या धरणांतून पाणी सुटते तेव्हा सिद्धटेककडच्या नदीकाठाला इशारा येतोच. तिथेही प्रश्न तोच, न चालू शकणाऱ्याला कोण उचलणार. त्यासाठी विहारात एखाद्या रविवारच्या वंदनेनंतर आशाताईंना सोबत घेऊन तासाभरात यादी होते. वस्तीत अंथरुणावर कोण आहे, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोणाला लागते, दिवस भरलेली बाई कोणत्या घरात, एकटी म्हातारी कोण, आणि प्रत्येकासमोर उचलणाऱ्या दोन तरुणांची नावे व फोन. कोणती गोळी चालू आहे तेही लिहावे. एक प्रत विहारात, एक ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत, एक आरोग्य केंद्रात. ही यादी दर सहा महिन्यांनी नव्याने करावी लागते, कारण बाळंतपणे होतात, औषधे बदलतात, आणि यादीतला उचलणारा तरुण तोवर कामाला बोईसरला गेलेला असतो.